शेऱ्याचा रकाना

सावईवेऱ्यात, कुळागराच्या वरच्या बांधावर
दोन माडांमध्ये वीस मीटर तार ताणली आहे.
कपडे वाळत घालायची नव्हे,
हे शेजारणीला तीनदा सांगून झालं.
शाबू पाडेलीनं चढायचे पैसे नारळांच्या हिशेबानं घेतले,
उतरताना विचारलं, हिला धरतं कधी?

त्याआधी परीक्षा. अर्धी विजेची, अर्धी कायद्याची.
बावन्नाव्या वर्षी ओहमचा नियम घोकताना
भात दोनदा करपला.
कायदा मिनिन सरांनी बलकांवावर बसवून शिकवला.
जन्मभर बंदराच्या रेडिओ खोलीत काढलेला माणूस,
बोलता बोलता बोटानं कठडा वाजवायचा,
कधी टिंब, कधी रेघ.
आधी ऐक. मग पुन्हा ऐक.
वाट मोकळी दिसली तरी विचार, कोणी आहे का.
धंदा नाही, गाणं नाही, खुणेची भाषा नाही,
तिऱ्हाइताचा निरोप नाही.
शिव्या तर कोकणीतूनही नाहीत.
आणि बोललीस की लिही:
वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण होतं, कसं ऐकू आलं.
मी म्हटलं, मग बोलायचं तरी काय?
सर म्हणाले, हवा.

परवान्याच्या चौकशीला वेळीप हवालदार आले.
चप्पल बाहेर, टोपी मांडीवर.
"कोणाकडे उलयतलीं तुमी?"
माहीत नाही, मी म्हटलं.
त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं.
काय लिहिलं ते दाखवलं नाही.

सात महिन्यांनी पाकीट आलं.
व्हिक्टर युनिफॉर्म थ्री, पुढे माझी तीन अक्षरं.
पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली
तेव्हा तोंडात दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखं झालं.
उत्तर नाही. तरी वेळ लिहिली.
चौथ्या रात्री खरखरीतून एक माणूस निघाला,
जैसलमेरचा, शाळामास्तर.
त्यानं माझं गाव दोनदा विचारलं,
आणि तेवढ्यात शेजारी घुमट सुरू झालं.
मी बटण सोडलं.
आरती संपेपर्यंत नुसती ऐकत राहिले,
तो मला हाका मारत होता.

पावसाळ्यानंतर हवालदार पुन्हा आले.
म्हणाले, सहज.
लॉगबुक मागितलं, ओळीवर बोट ठेवत वाचत गेले,
आणि एका जागी बोट थांबलं.
"जैसलमेर."
धाकटा तिथे सीमेवर आहे, फोन कधी लागतो, कधी नाही.
मी काही बोलायच्या आत
स्वतःच मान हलवली: निरोप नियमात बसत नाही ना?
नाही, मी म्हटलं.
चहा निवत गेला.
मग त्यांनी शेवटचा रकाना वाचला,
शेऱ्याचा, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातला:
आवाज स्वच्छ, मधे दोनदा बुडाला.
दिवसा ऊन. रात्री फार थंडी, वारा.

"थंडी?" त्यांनी विचारलं.
पुन्हा एकदा वाचलं.
टोपी घालताना म्हणाले,
फोंड्याला लोकरीचं कुठे मिळतं हो?
आपल्याकडे कोण विकणार म्हणा.