नव्वद रुपयांची वायर

मंथननं गेमचा डबा आणला, सेकंडहॅन्ड,
नऊ हजार, चार हप्ते,
त्यातले दोन माझ्या पगारातून.
घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं
आणि सगळ्यांना माहीत.

होम थिएटर आधीपासून होतं.
रमाकांतदादाचा सायबर कॅफे बुडाला तेव्हा
खुर्च्या कुणी नेल्या, पंखे कुणी,
आमच्या वाट्याला पाच स्पीकर, एक बफर
आणि पाठीला लाल-पांढरी भोकं असलेला ॲम्प्लिफायर.
गेमच्या डब्याला मात्र एकच तोंड, चपटं.
ते टीव्हीशी बोलतं,
याला ओळखही देत नाही.

सीताबर्डी, दुपारचे दोन, पारा पंचेचाळीस.
पहिला दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या ना.
दुसऱ्यानं कन्व्हर्टर काढला, अकराशेचा,
सोनारासारखा मखमलीवर ठेवला,
हात लावू दिला नाही.
तिसरा जेवत होता.
घास हातात तसाच धरून म्हणाला,
"टीव्हीले हेडफोनचं भोक हाय का?
मंग कायले पैशे जाळता?"
डाव्या हातानं खिळ्यावरची वायर काढली:
इकडे एक पिन, तिकडे दोन.
नव्वद रुपये.
घासाघीस केली असती तर सत्तरला दिली असती,
पण तो जेवत होता.

तांडापेठेत घरी येऊन पाहतो
तर स्पीकरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या.
सोल्डर नाही, टेप नाही,
मंथनचं तोंड एवढंसं.
बाबा खाटेवरून उठले.
तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेले कान,
ओरडलं तरी अर्धंच पोचतं,
पण तुटलेलं त्यांना लांबूनही दिसतं.
वायरीचं साल दातानं काढलं,
तांब्याचे केस अंगठ्यावर घेतले, थुंकी लावली,
पीळ दिला,
ताण्याचा तुटलेला धागा जोडतात तसा,
नजर भलतीकडेच ठेवून.
सांध्यावरून बोट फिरवलं, काही लागलं नाही.
"दिवसाचे किती तुटायचे, बाबा?"
त्यांना ऐकू गेलं नाही,
किंवा मोजलेच नसतील.

बफरला जागा नव्हती.
शेवटी मागाच्या खड्ड्यावरची फळी उचलली,
आतले कांदे काढून आईच्या शिव्या घेतल्या
आणि आजोबा जिथं पाय सोडून बसत
तिथं बफर उतरवला.

पहिला स्फोट झाला
आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना धडकले.
भिंतीपलीकडून हेडाऊकाकू:
"काय पाडून राह्यले बे पोट्टेहो?"
बाबा येऊन खड्ड्याच्या काठावर बसले,
पाय आत सोडून.
बराच वेळ.
मग म्हणाले, "वाजते."

कूलर लावला की स्पीकर गुणगुणतो,
कूलर बंद केला की आम्ही शिजतो.
मे महिन्यात नागपुरात
यावर मतदान घेत नाहीत.
गुणगुण चालू आहे.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी कळलं,
डावं-उजवं उलटं लागलंय.
शत्रू डावीकडून येतो, पाऊल उजवीकडे वाजतं.
मंथन त्या रात्री अकरा वेळा मेला.
दोन पिनांची अदलाबदल, पाच सेकंदांचं काम,
पण बाबा तिथंच बसलेले, पाय आत सोडून,
आणि तो काही बोलला नाही.

आता त्याला सवय झालीय,
उजवीकडे वाजलं की डावीकडे वळायची.
रविवारी मित्र येतात,
मोठमोठ्या टीव्हींच्या घरांतून,
आणि एकामागून एक हरतात.
मंथन त्यांना पाणी देतो.
सांगत नाही.