म्हसोबापाशी फुटणारी वाट

नमुना एक्केचाळीस. गंगव्वा तळवार,
मुक्काम यमकनमर्डी, तालुका हुक्केरी.
मातृभाषेच्या रकान्यात एक लिहून खोडलंय,
मग दुसरी. मग दोन्ही.

जुन्या पद्धतीनं तिचं रक्त वाचलं तेव्हा
तीनशे बारा अक्षरं कुठंच बसेनात.
आम्ही प्रमाण धरतो तो जीनोम
कुण्या लांबच्या माणसांचा,
आधी वाचला गेला म्हणून मापाचा झालेला.
त्यात ती जागाच नव्हती.
मशीननं शेरा मारला : जुळत नाही.
मी फाइल 'किरकोळ'मध्ये टाकली
आणि कॅम्पातल्या टपरीवर चहाला गेले.

आता नवा आलेख आलाय. सरळ रेघ नाही.
गाठी, आणि गाठीतून गाठीत जाणाऱ्या कडा.
काही अक्षरं सगळे मिळून चालतात,
मग कुणी वरून, कुणी खालून,
कुणी मधलं गाळून उडीच मारतं,
पुढच्या गाठीत पुन्हा भेट.
स्क्रीनवर ते फुग्यासारखं दिसतं.

ती तीनशे बारा अक्षरं
अशाच एका फुग्याच्या वरच्या कडेला
निवांत जाऊन बसली.
तिथून आणखी चौघं गेलेले :
नंदगडचे दोघं भाऊ, अथणीकडची एक बाई,
आणि नमुना सतरा.
सतरा मी.
शिकाऊ पोरांना सुई टोचायला हात हवा होता.

गंगव्वा दुसऱ्यांदा रक्त द्यायला आली.
फॉर्मच्या पाठीवर मी तिला फुगा काढून दाखवला.
"म्हंजे माझ्यात जादा हाय, का त्येच्यात कमी?"
तसं नसतं, मी म्हणाले.
"मग आदी जुळत न्हाई म्हणून का लिवलासा?"

मी सुई शोधत राहिले.

तिनं पेन ओढून घेतलं.
"आमच्या शिवारात म्हसोबापाशी वाट फुटती बघ.
पावसाळ्यात वढ्याला पाणी, मग वरनं जायाचं.
उन्हाळ्यात खालनं.
चिंचंपाशी दोन्ही एकच.
मोजणीवाला आला, त्यानं कागदावर एकच मारली."
थोडं थांबून म्हणाली,
"त्यो उन्हाळ्यात आलता."

दंडावर कापूस दाबून ती स्टँडकडं गेली,
संकेश्वरची गाडी साडेचारला सुटते.

मी सतराचा फॉर्म उघडला.
मातृभाषेच्या रकान्यात
मी एकच लिहिली होती,
सुवाच्य अक्षरात,
खाडाखोड न करता.