दाखल क्रमांक ४१७

वेंगुर्ल्याच्या वाचनालयात
रद्दीची यादी करत होते.
चारशे सतरा : पुठ्ठ्याला खारी ओल,
लेखकाच्या रकान्यात जुन्या अक्षरात
‘मिसेस कॅप्टन हार्कनेस’.
तिचं स्वतःचं नाव आत सापडलं,
शाई उडालेलं : लुसिंडा.

धाकटी बहीण इथे मिशनच्या शाळेत शिकवायला.
तिला धाडलेली ही प्रत
मुंबईपर्यंत बर्फाच्या जहाजातून, लाकडाच्या भुशात,
पुढे पडावातून, कापडाच्या गाठींवर.

सोबतच्या पत्राची घडी अजून आतच.
इंग्रजी मला बेताचं; चार दुपारी गेल्या.
नवरा देवमाशांमागे गेला तो गेलाच.
पाच पोरं.
म्हणून कादंबऱ्या, सव्वीस वर्षांत बावीस,
पाव फुगेपर्यंत एक प्रकरण.
टीकाकार म्हणतात, हिच्या पानांना कणकेचा वास येतो.
‘येणारच,’ तिनं लिहिलंय.
शेवट मात्र प्रकाशकानं बदलून घेतला.
तिची मार्था होडी घेऊन एकटी निघालेली,
त्यानं तिला किनाऱ्याला आणून लग्न लावलं.
‘पैसे आगाऊ उचलले होते, अगं. मी सही केली.’

लग्नाच्या त्या पानाखाली
बोरूनं लिहिलेलं काहीतरी, मोडीत.
मोडी मला येत नाही.
भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले मोर्जेकाका
चष्मा कपाळावर सारून, पान नाकाशी धरून
फेरफार वाचावा तसे वाचत गेले
आणि थबकले.
‘ह्यां खत नाय गो. ही गजाल आसा.’

मार्था परतली नाही.
वारा मतलई होता. शीड तिनंच बांधलं.
खडकावरचा दिवा दिसेनासा झाला तेव्हा
तिला भूक लागली.
पुढचं ठरवलेलं नाही, बाईंनी विचारलं तर सांगेन.
आवडा तांडेल, इयत्ता चौथी.

बाईंनी विचारलं का?
बहिणीला कळवलं का, की इथे एका पोरीनं
तुझी होडी परत पाण्यात लोटली?
पुढचं टपाल या पुस्तकात नाही.
शेवटच्या पानाचा कोपराही कसरीनं नेलाय.

‘तांडेलांची मांडवेर चार घरां आसत,’
काका छत्री शोधत म्हणाले. ‘इचारूया?’

रद्दीचा शिक्का ओला करून ठेवला होता,
तो तसाच वाळला.
रकान्यातलं ‘मिसेस कॅप्टन’ खोडलं.
लुसिंडा हार्कनेस, असं लिहिलं.
पुढे जागा होती,
म्हणून स्वल्पविराम पुसला नाही.