आकडा

आमच्या घरात काडेपेटी नाही.
तिसरं वर्ष.
चुलीत मी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलीत,
वर सासूचा लोखंडी तवा पालथा.
शेजारी सार्डिन भाजायला लागले
की आदेलिनु खिडक्या लावतो, एकेक,
खिट्टी दोनदा चाचपून,
आणि न्हाणीघरात नळ सोडून बसतो.
पाण्याचं बिल येतं. भरते.

डोंगरावर निलगिरी परत आलीय,
माणसाच्या उंचीची. तिला काय,
जळून उगवायची सवय.

कोइंब्राच्या डॉक्टरीणबाई गोळ्या कमीच देतात.
सांगायला लावतात. तेच ते,
डोळे मिटून, आत्ता घडतंय असं:
‘मी बंबावरून उतरतोय.
एर्मेलिंडाच्या दाराची कडी तापलीय.’
ते फोनवर रेकॉर्ड करायचं
आणि रोज संध्याकाळी घरी ऐकायचं.
मी म्हटलं, ही कुठली रीत,
रोज खपली काढायची?
बाई म्हणाल्या, आत काच राहिलीय.

भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज येतो,
आणि नवरा तर गप्प बसलेला.
मी कांदा चिरते. कांदा बरा,
कुणी काही विचारत नाही.
मधेच बाई: ‘किती?’
शून्य ते शंभर, भीती किती.
‘पंच्याण्णव.’
‘पंच्याण्णव.’
‘नव्वद.’

चौदाव्या खेपेला त्याला आठवलं,
दार त्यानं दोनदा ठोठावलं होतं.
आणि मागून कुणीतरी
पट्टा धरून ओढलं होतं त्याला.
तो पट्टा इतकी वर्षं कुठे होता?
होतं ते एवढंच: मी परत फिरलो.
त्या रात्री तो जेवला नाही,
पण न्हाणीघरातही गेला नाही.

नोव्हेंबरात चौकात चेस्टनट भाजले.
तो कारंज्याच्या पलीकडे उभा, हात खिशात.
मी बोटांनी खूण केली: किती?
ऐंशी.
थोड्या वेळानं, सत्तर.
पळाला नाही. गार झालेले चार
घरी येऊन खाल्ले, सालं टेबलावर तशीच.

उन्हाळ्यात परत बिघडलं. सायरन वाजला
आणि गाडी थेट समुद्रापर्यंत नेली त्यानं.
बाई म्हणाल्या, होतं असं. पुन्हा पहिल्यापासून सांगा.

काल रात्री तीनला जागा होता.
‘किती?’ मी सवयीनं.
‘चाळीस.’
मग बऱ्याच वेळानं, भिंतीकडे तोंड करून:
‘तुझा?’

मला कुणी विचारलंच नव्हतं.
मी आकडा शोधत राहिले,
अंधारात काडेपेटी शोधावी
तशी.