आईचा नंबर

पहाटे पाचला फोन.
जपानात किनुए नावाच्या कुणी बाई गेल्या, झोपेत,
म्हणजे आता तुमची आई,
असं म्हणून तो माणूस थांबला.
पुढचं बोलायला त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं.

मी अठ्ठ्याऐंशीची. भिंत धरत धरत
तिच्या खोलीत गेले.
ती जागीच होती, शालीखाली
सुकटीएवढी,
समोरच्या बेटावरचा पिको पर्वत
ढगातून निघतोय का बघत.

आई, तू पहिली आलीस.
कशात?

कशात ते सांगता येईना.
शर्यतीत म्हणावं तर ती कधी धावली नाही,
मक्याच्या शेतातून घरी आणि घरातून शेतात, एवढंच.
शेवटी तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले,
तुझ्याआधी जन्मलेलं
आता पृथ्वीवर कुणी उरलं नाही.

ती गप्प.
मग बोटं मोडत काहीतरी मोजायला लागली.
आधी वाटलं, जपमाळ ओढतेय.

कुणीच नाही?
कुणीच नाही, आई.
नीट बघितलंय त्यांनी?
कागद बघून सांगतात गं.

सेलेस्तीनो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, ती म्हणाली.

मामाला मी फक्त ताटात पाहिलेलं.
दर नाताळात एक ताट जास्तीचं,
त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही.
एकोणीस वर्षांचा असताना
अमेरिकेच्या बोटीत लपून गेला,
कणसं भरायच्या आत येतो म्हणाला.
पाद्री तीनदा बदलले,
तिघांनीही विचारलं, त्याच्यासाठी मास म्हणू का?
तिघांनाही तिचं एकच उत्तर,
मेलेला पाहिलाय कुणी?

समुद्रातून डोंगर उसळला त्या वर्षी
राख कौलांपर्यंत आली.
आम्ही गाठोडी बांधत होतो आणि ही
दारावर चुन्यानं नवा पत्ता लिहीत होती, त्याच्यासाठी.
मग दारही बुडालं.

नव्याण्णव वर्षं
कुणाला मोडता आली नाही तिची आशा,
ना समुद्राला, ना बाबांना,
आणि आज मोडली एका वजाबाकीनं,
तीही मीच सांगितलेल्या.

दुपारी टीव्हीवाले आले,
नगराध्यक्ष आले, केक आला,
आकड्यांचे फुगे आले, त्यातला पाचाचा
छताला जाऊन चिकटला.
ही काळ्या झग्यात, डोक्याला काळा रुमाल.
आजी, आजच्या दिवशी काळं का?
भाऊ गेला, ती म्हणाली.
कधी?
आज सकाळी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वयामुळे होतं असं, एक मुलगी हळूच दुसरीला म्हणाली.
मी काही बोलले नाही.
केक कापला. दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं,
ती म्हणाली, वाट.
त्यांनी बहुधा वाटाणे लिहून घेतलं.

रात्री तिनं कपाटातून ते ताट काढायला लावलं.
काठाला निळी वेल, एक टवका उडालेला.
धूळ नव्हतीच, ती पुसत असे.
घे, म्हणाली, यात जेव तू.

उरलेलं सूप मी त्यात वाढून घेतलं.
खोलगट होतं ते, दिसायचं त्याहून जास्त.
मध्येच तिनं विचारलं,
त्या जपानी बाईला कुणी होतं का गं मागे?
माहीत नाही म्हणाले.
उद्या फोन करून विचार, ती म्हणाली,
आणि माझ्यानंतर कोण तेही.
तिला सांभाळून सांगायला सांग.