विसावू निषाद

रेशन कार्डावर आजोबांचं नाव विसावू.
खरं नाव बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला.
आधीची तीन लेकरं गेली म्हणून
आईनं ह्याला सुपात घालून शेजारणीला विकलं
आणि मूठभर कोदो देऊन परत आणलं,
मरणाला वाटावं, हे पोर ह्या घरचं नाहीच.
इतवारीच्या कारकुनाला हे कोण सांगणार?
त्यानं ऐकू आलं तसं लिहिलं,
आणि गहू, तांदूळ, रॉकेल
पुढं चाळीस वर्षं विसावू नावानं आलं.

आजी म्हणायची, नावातलं एवढं एक काम
ह्या माणसाच्यानं झालं नाही.

डोंगरगडहून पॅसेंजरनं आले
तेव्हा डब्यात बासी होती, पिशवीत पत्रा कापायची कात्री.
कात्री उसनी होती.
ज्याची होती तो वारला, त्याचा मुलगाही वारला,
आजोबा अजून म्हणायचे, द्यायची आहे.

मार्च लागला की पारडीच्या आमच्या खोलीसमोर
कूलरच्या पेट्यांची रांग.
वूडवुलच्या कुसांनी त्यांची बोटं भरून जायची.
रात्री बल्बखाली आजी
साडीच्या पिनेनं एकेक कूस काढायची,
आणि तेवढाच वेळ ते दोघं बोलायचे,
छत्तीसगढीत, हळू.
मला अर्धं कळायचं.
उरलेलं माझ्यासाठी नव्हतंच.

अक्षरओळख नव्हती. वहीत पत्त्यांच्या जागी चित्रं:
कडुनिंब, खाली दोन कुत्री – धरमपेठ, तिसरी गल्ली.
चष्मा – मास्तरीणबाई, पैसे पुढच्या महिन्यात.
डावीकडे वळणारा जिना, त्यावर फुली –
इथं पाणी विचारलं नाही.
फुल्या फार नाहीत. मी मोजल्या, चार.

थंडीत कूलर कोण विचारतो?
मग कळमन्याला संत्र्याच्या पेट्या उतरवायच्या.
घरी येताना खिशात एकच संत्रं, डागी,
ते आजीचं.
आम्हा पोरांना सालं मिळायची, डोळ्यांत पिळायला.

तान्ह्या पोळ्याला सगळ्यांचे बैल सागवानी.
माझा कूलरच्या जुन्या पत्र्याचा,
पाठीवर बटणाचं भोक, शेजारी अजून हिंदीत ‘तेज’.
बक्षीस मिळालं नाही. मी रडत घरी आले.
म्हणाले, नोनी, आमच्याकडे बैल मातीचा,
रात्रीपर्यंत शिंग मोडतं त्याचं.
ह्याला काय होतंय, बघ.
काही झालं नाही. तो आता दार अडवतो,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

गावी जायचे ते लग्नाला, नाहीतर मयतीला.
एकदा पुतण्याच्या लग्नात, भर मेमध्ये,
घाम पुसत म्हणाले,
आमच्या नागपुरात एवढं गरम नसतं बाप्पा.
सगळा मांडव हसला.
ते हसले नाहीत. ते ‘आमच्या’ म्हणाले होते
आणि बहुतेक त्यांनाही ते तेव्हाच ऐकू आलं.

दिवाळीनंतर गेले.
घाटावरच्या पावतीसाठी मी नाव सांगितलं,
बिसाहू, ब बदकातला.
बाबूनं कार्ड मागितलं
आणि कार्डावरचं उतरवून घेतलं.
मी भांडले नाही.

आता मार्च. त्यांचा फोन खणखणतो.
कूलरवाले काका आहेत का?
मी काही म्हणायच्या आत आजी फोन ओढते.
पाणी वर चढते का? नाही?
मोटर चांगली हाय मग. जाळीत कचरा अडकला.
काढा, ब्रशनं घासा, पुन्हा लावा.
पलीकडं थोडा वेळ काही नाही,
मग घरघर,
मग पाणी पडल्याचा आवाज.

आजी फोन माझ्या हाती देते.
त्यांना सांग, पन्नास रुपये.
आणि विचार, कोणचं घर?
वहीत कोणतं झाड आहे त्यांचं?