वर ओढणारा

मंगळवारी, औषधांची ट्रॉली फिरून गेल्यावर
पोराचा जुना गेम मी हॉलमधल्या टीव्हीला जोडला.
मॅनेजरबाई म्हणाल्या, बोटं तरी हलतील.
मुहर्रकच्या या इमारतीत बोटं
तसबीह ओढतात, नाहीतर
चादरीची शिवण उसवत बसतात.

आधी बोलिंग.
उम्म घानिमनं चाकाच्या खुर्चीतून रिमोट असा भिरकावला
की मनगटाला पट्टा नसता
तर चहाचा थर्मास गेलाच होता.
"सीदा! सीदा!" पडद्यावरच्या चेंडूला ती ओरडली.
देवगडच्या धक्क्यावर
सायकल शिकवताना मामाही हेच ओरडायचा.
कधीतरी आमच्या गलबतांतून उतरले असतील हे शब्द,
परत गेलेच नाहीत.
मीही बावीस वर्षं इथंच.

बू मतर मात्र खेळेना.
तीन मंगळवार भिंतीकडे तोंड.
चौथ्याला समुद्राचा गेम लावला:
एक पाणबुड्या, तळाशी शिंपले,
कोपऱ्यात श्वासाची निळी पट्टी.
म्हाताऱ्यानं हात पुढे केला.
मागितलं नाही काही, नुसता केला.

पाणबुड्या दोन वाव खाली जातो न जातो
तोच हा त्याला वर काढी.
पुन्हा खाली. पुन्हा वर.
पट्टी अर्धीसुद्धा संपू देईना.
गुण शून्य.
सिस्टर रोवेना हसली, उम्म घानिम कुरकुरली,
मीही म्हटलं, बाबा, जाऊ दे की त्याला,
मोती खाली आहेत.

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला,
मी बुडी मारणारा नव्हतो. मी सैब.
होडीत उभा राहून दोर धरणारा.
चौदा वर्षांचा होतो.
खालून झटका आला की ओढायचं.

मग बराच वेळ फक्त एसीचा आवाज.

एकदा झटका मला कळलाच नाही.

जेवणाच्या गाड्या आल्या, मसूरच्या सुपाचा वास.
मी टीव्ही बंद करायला वाकलो
तर त्यानं मनगट धरलं:
"थांब. तो अजून खाली आहे."

थांबलो.
माणूस वर आला,
पाण्यावर चौकोनी डोकं, भोवती चार बुडबुडे.
बू मतरनं तो नीट श्वास घेईपर्यंत पाहिलं,
रिमोट मांडीवर ठेवला
आणि सूप गार आहे म्हणून रोवेनाला झापलं.

रात्री नोंदवहीत मी लिहिलं:
उजवा हात. पकड घट्ट.
मनगटावर अजून त्याची चार बोटं होती.